नुसत्या मिठातला मासा

आमच्या घरात सून आणायची झाली, तर तिला स्वयंपाक येतो का असं कोणी विचारत नाही. वास कळतो का, हे विचारतात. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, सर्दी नसली तर कळतो. माझे थोरले दीर तेव्हा माझ्याकडे बघून हसले होते. त्यानंतर ते माझ्यावर खूश होऊन हसल्याचं मला तरी आठवत नाही.

खाली आमची मसाल्याची गिरणी आणि वर घर. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिले काही दिवस नुसती शिंकत होते, नाक-डोळे पुसत होते, आणि शेजारपाजारी समजले की नवीन सुनेला सासुरवास आहे. आता काही होत नाही. धने भाजायला घेतले की जिन्यापर्यंत गोडसर वास चढतो, मिरची दळायला घेतली की खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच. आमच्या पडद्यांना मसाल्याचा वास आहे, उशांना आहे. माझी मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या बाई वहीवरचं नाव वाचत नसत, वही नाकाजवळ नेत आणि बरोबर तिलाच हाक मारत.

गिरणीतली कामं वाटलेली आहेत. दळायचं यंत्र माझा नवरा बघतो. भट्टी माझ्याकडे. जिरं कधी उतरवायचं, मिरे कधी काढायचे हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, आणि त्यासाठी मला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. पॅकिंगच्या टेबलावर माझी मुलगी बसते. तिला सगळे शिंकू म्हणतात, कारण पाळण्यात असताना खाली कोणी नुसतं मिरच्यांच्या पोत्याचं तोंड सोडलं तरी ही वर शिंकायची. आणि मिसळणीचं टेबल भाऊजींचं, म्हणजे माझ्या त्या थोरल्या दिरांचं.

मिसळणी म्हणजेच आमची गिरणी. बाकी सगळं कोणीही करेल. धने प्रत्येक शेतातले वेगळे असतात, काही उन्हात नीट वाळलेले, काही ओलसर, काही जुने. मिरची या खेपेला झणझणीत तर पुढच्या खेपेला नुसती लाल. तरी गिऱ्हाइकाने पुडी फोडली की दर वेळी तोच वास यायला हवा. तो कसा आणायचा हे तराजू सांगत नाही. भाऊजी मूठभर उचलायचे, नाकाशी धरायचे, म्हणायचे, "बडीशेप थोडी वाढवा," आणि मग तराजू काढला जायचा. बाजारातले व्यापारी त्यांना वचकून असायचे. हा माणूस नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि ओला माल तर त्याहून नाही.

घरातही तीच तऱ्हा. भाऊजींनी लग्न केलं नाही, जेवायला आमच्यातच. इतकी वर्षं माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलून "शिंकूची आई, जिरं जळलंय" म्हणायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अलीकडे मात्र त्यांनी नाव ठेवणं बंद केलं होतं. जे वाढीन ते मुकाट्याने खायचे. मला वाटलं, शेवटी मी जिंकले. मी चार बायकांना सांगूनही टाकलं होतं.

मग एके दिवशी जेवता जेवता भाऊजी म्हणाले, "मी आता टेबल सोडतोय. गुडघे बोलायला लागलेत."

शिंकूने हातातला घास खाली ठेवला. "मग मला द्या, काका."

 शिंकू पोरगी मितभाषी. तिने कधी खेळणं मागितलं नाही, सणासुदीला कपडा मागितला नाही. आता मागितलं ते एकदम घरातलं सिंहासनच.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं नाही. "मोठ्या कारखान्यातला एक माणूस यायला तयार आहे," ते म्हणाले. "शिकलेला आहे. पांढरा कोट घालतो."

"कोटाचा काय मसाला करायचाय?" मी म्हटलं. राहवलंच नाही.

"काका, तुम्ही नाही म्हणालात तर नाही," शिंकू म्हणाली. "पण मग मी पॅकिंगलाही बसणार नाही. दुसऱ्याने मिसळलेलं मला पुड्यांत भरवणार नाही. मी दुसरीकडे काम बघेन."

ती पोकळ धमकी देणारी नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. ही गेली असती तर खाली यंत्र चालू राहिलं असतं, पण घर बंद पडल्यासारखंच झालं असतं.

भाऊजी बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. घरातली रीत आहे ती होऊ दे."

रीत अशी. टेबल मागणाऱ्याला घरातल्या थोरल्याने अशी एक वस्तू आणून द्यायची जी या घरात कधीच शिजलेली नाही. त्याने ती शिजवायची. कोणाला काही विचारायचं नाही. वस्तू ओळखायला तुकडा तोडा, उकळा, जाळा, काय वाटेल ते करा, पण जे ताटात वाढायचं ते थोरल्याने घास घेईपर्यंत चाखायचं नाही. नाकाने जे कळेल त्यावर भरवसा ठेवायचा. मग थोरला खातो आणि निकाल सांगतो. भाऊजींना माझ्या सासऱ्यांनी कसलासा कडू कंद दिला होता. त्यांनी तो निखाऱ्यात पुरून, वरचं सगळं करपवून, आतला गाभा तेवढा वाढला आणि टेबल मिळवलं. माझ्या नवऱ्याला एक आंबट फळ दिलं होतं. त्याने घाबरून गिरणीतला प्रत्येक मसाला त्यात घातला. सासऱ्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "तू यंत्राकडे जा." ही गोष्ट माझा नवरा स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि सगळ्यांत जास्त तोच हसतो.

रविवारी गिरणी बंद असते. भाऊजी सकाळी बाजारात गेले आणि कागदात गुंडाळलेला एक मासा घेऊन आले. ओट्यावर ठेवून कागद सोडला. आम्ही मासे खाणारी माणसं, पण असला मासा मी बापजन्मात पाहिला नव्हता. रुंद, पाठीवर तांब्यासारखा रंग, पोट फिकट, डोळे बशीएवढे आणि तोंड एवढंसं, जसं काही कोणी रागावल्यावर ओठ आवळून बसलंय.

"नाव काय याचं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"विकणारीलाही ठाऊक नाही. खोल पाण्यातला आहे म्हणाली. खातात, चांगला लागतो, एवढं माहीत आहे तिला."

"रागीट दिसतोय," नवरा म्हणाला. "दादा, तुझ्यावर गेलाय."

कोणी हसलं नाही. भाऊजी आपल्या खोलीत जाऊन बसले. मी ओट्यापासून दोन पावलं मागे उभी राहिले, कारण मदत करायची नाही हे मान्य होतं, पण बघायचं नाही असं रीतीत कुठे म्हटलेलं नाही.

शिंकूने आधी हात साबणाने धुतले, मग लिंबाने, मग पुन्हा साबणाने. मासा उचलला आणि कल्ल्याजवळ नाक नेलं. मग पोटाजवळ. मग शेपटीकडे. डोळे मिटलेले. मला लहानपणची ती आठवली, कोऱ्या पुस्तकात नाक खुपसून बसलेली. खवले बारीक होते, सुरीच्या पाठीने सहज निघाले. तिने पोट साफ केलं, मासा आडवा कापून दोन भाग केले, शेपटीकडचा भाग फ्रिजमध्ये ठेवला. डोक्याजवळचा एक नखाएवढा तुकडा काढला, आणि चहाच्या भांड्यात साधं पाणी उकळून त्यात टाकला. मीठसुद्धा नाही. शिजल्यावर तो तुकडा जिभेवर ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

माझ्याने राहवेना. "कसा आहे गं?"

"आई, विचारायचं नाही."

"तू विचारायचं नाहीस. मी विचारू शकते."

ती हसली. पण सांगितलं नाहीच.

मग तिने कढई घेतली, तेल घातलं, डब्यातलं मीठ चिमटीने माशाला चोळलं. मी वाट बघत होते. आता हळद काढेल. आता मिरपूड काढेल. आमच्या फळीवर डब्यांची अख्खी फौज उभी आहे, आणि ही पोरगी त्यातल्या एकाकडेही बघेना. मासा सालीकडून कढईत ठेवला, आच मंद केली, वर झाकण ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली.

मी कपाळाला हात लावला. "शिंकू, मीठ? नुसतं मीठ? आपण कोण आहोत ते तरी आठव. लोक म्हणतील, मसालेवाल्यांच्या घरात मसाला संपला."

"त्याला काही नकोय, आई."

"त्याने सांगितलं वाटतं तुला?"

"हो," ती म्हणाली, आणि पुन्हा झाकणाकडे बघायला लागली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिने भात वाढला, बाजूला माशाचा तुकडा, दुसरं काही नाही. साल तांबूस कुरकुरीत, आत पांढरे शुभ्र पापुद्रे. पांढऱ्या थाळीत पांढरा मासा बघून मला कोणाच्या तरी पथ्याच्या जेवणाला बसल्यासारखं वाटलं. शिंकू बसली नाही. भिंतीला टेकून भाऊजींच्या हाताकडे बघत होती.

भाऊजींनी घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. मग पटकन म्हणाले, "चांगला झालाय. काही कमी नाही, काही जास्त नाही. टेबल तुझं. बस, जेव आता."

इतक्या सहज! माझ्या नवऱ्याने थाळीवर बोटं वाजवली.  मीही खाल्ला, आणि खरं सांगते, छान लागला. मऊ, चवदार. पोरीने आमच्या सगळ्या डब्यांकडे पाठ फिरवून बाजी मारली होती, आणि आता मला ती चूक न वाटता हुशारी वाटायला लागली होती. आईचं मन असंच पलटी खातं, त्याची मला लाज वाटत नाही.

शिंकू बसली. तिने पहिला घास तोंडात घातला आणि तिचं चावणं थांबलं.

"काय झालं? काटा?" मी विचारलं.

तिने मान हलवली. पुन्हा एक कण जिभेवर ठेवला. मग थाळी बाजूला सरकवली.

"काका, हा नाही चालणार."

"म्हणजे?"

"यात धने आहेत. थोडी मिरची आहे. आणि जुन्या तेलाचा वास आहे. मी यातलं काही घातलं नाही. मी उकळून चाखलेला मासा हा नाही."

नवऱ्याने एक घास घेऊन बघितला. "कुठे धने? मला तर नुसता मासा लागतोय."

"कारण आपल्याला धन्यांची चव कळतच नाही आता, बाबा. आपल्याला ती पाण्यालाही येते." ती उठली, ओट्यावरचा मिठाचा डबा घेऊन आली आणि टेबलावर मध्यभागी ठेवला. "हे बघा."

आम्ही डब्यात बघितलं. आमचं मीठ गुलाबी होतं. नीट उजेडात धरल्यावर कळलं, फिकट गुलाबी, त्यात बारीक तपकिरी कण. वर्षानुवर्षं भट्टीवरून येऊन मी त्याच हाताने त्यात चिमूट घातली होती. मला वाटायचं, मिठाचा रंगच असा असतो.

"कढईचंही तेच," शिंकू म्हणाली. "तेलाच्या भांड्याचंही. मी हात एवढे धुतले आणि त्याच हाताने हा डबा उघडला. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"अगं पण काकांनी पास केलंय ना!" माझा आवाज चढला. "हातात आलेलं असं कोण घालवतं? तुला टेबल हवंय की नको?"

"हवंय. पण मी नुसत्या मिठातला मासा वाढला असं म्हणून हा वाढला. ते खोटं आहे. मी उद्या एखादी पुडी अशीच जाऊ दिली, तर मग मला टेबलावर बसवायचं कशाला?"

मी भाऊजींकडे बघितलं. मला वाटलं, ते चिडतील. त्यांच्या निकालाला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. पण ते चिडले नाहीत. थाळीतल्या माशाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता. मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, झालं, आता पांढरा कोट येणार.

"अर्धा शिल्लक आहे," शिंकू म्हणाली. "मला पुन्हा करू द्या, काका."

"कर," ते हळूच म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी मागोमाग. तिने एकेक भांडं नाकाशी धरून खाली ठेवायला सुरुवात केली. तवा, नको. पातेलं, नको. छोटी कढई, अजिबात नको. मी मदतीला एक वाटी उचलली तर म्हणाली, "आई, तू कशाला हात लावू नकोस, प्लीज."

माझ्या स्वयंपाकघरात मला हात लावू नको म्हणणारं माणूस आजवर जन्मलं नव्हतं. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. पण तिच्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, नाक लाल झालेलं, आणि डोळ्यांत असा काही हट्ट की मला एकदम कळलं, ही हरली तरी बरोबर आहे. आणि जी आई एवढं कळूनही नुसती फुगून बसते, तिचा काही उपयोग नाही.

मी आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, रजयांच्या मागे, एक खोकं होतं. माझ्या बहिणीने दिलेला पॅन, काचेच्या झाकणाचा. तो मी कधी काढलाच नव्हता. चांगल्या दिवसासाठी ठेवला होता. पाहुणे आले, बारसं झालं, नवऱ्याची साठी झाली, प्रत्येक वेळी वाटलं, याहून चांगला दिवस येईल. घरोघरी अशी खोकी असतात आणि घरोघरी तो दिवस येत नाही.

मी खोकं तिच्या हातात दिलं. "फोड. मी हात लावलेला नाही. खोक्याला लावलाय, आतल्याला नाही."

तिने प्लास्टिक फाडलं, बुडाचं लेबल खरवडून काढलं, पॅन धुतला आणि वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "याला कसलाच वास नाही, आई." कौतुकाचे शब्द मी आयुष्यात बरेच ऐकलेत. हे त्यात सगळ्यांत वरचे.

नवऱ्याला खाली पिटाळलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची नवी पिशवी आणि एक नवी सुरी आणायला. तो चप्पल न घालताच गेला. शिंकूने गच्चीवर छोटी शेगडी नेली, कारण खालून येणारी हवासुद्धा तिला नको होती. नवीन सुरीने माशाची आधी कापलेली बाजू पातळ सोलून टाकली. नवीन पिशवीतलं मीठ चोळलं. तेल घेतलंच नाही.

"चिकटेल," मी लांबून म्हटलं.

"नाही चिकटणार. सालीखाली याची स्वतःची चरबी आहे. सावकाश सुटेल."

आणि सुटली. काचेच्या झाकणातून दिसत होतं, आधी साल आक्रसली, मग कडेने बारीक बुडबुडे आले, मग मासा आपल्याच चरबीत हळूहळू तळला जायला लागला. तिने तो उलटला नाही, हलवला नाही, वास घेत उभी राहिली. मग कोणाला काही न विचारता झटकन शेगडी बंद केली. मी भट्टीवर जन्म काढलाय. योग्य क्षणी हात मारणारं माणूस मी लांबून ओळखते, आणि तो हात माझ्या पोरीचा होता. मला तेव्हाच आरोळी ठोकावीशी वाटली.

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी शिंकूने भाऊजींसमोर दोन बश्या ठेवल्या. एकीत आधीचा, एकीत आत्ताचा. आम्हालाही तसंच. मी आधीचा खाल्ला, मग पाणी प्यायले, मग दुसरा खाल्ला. आणि मला पहिल्यात धने लागले. लख्ख लागले. इतक्या वर्षांत मला माझ्याच घराचा वास पहिल्यांदा आला. दुसरा मासा म्हणजे, कसं सांगू, कोणीतरी खोलीतला पंखा बंद केल्यावर आपल्याला कळतं ना, की मगापासून किती आवाज होता, तसं झालं. नवऱ्याने तर तोंडात बोटच घातलं, म्हणजे खरोखरच, बोट चाटत बसला.

भाऊजींनी आधीचा घास घेतला. मग दुसरा. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. ते घाई करत नव्हते. शिंकू पुन्हा भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचे ओठ त्या माशासारखेच आवळलेले होते.

भाऊजींनी दोन्ही बश्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"मला दोन्ही सारखेच लागतात," ते म्हणाले.

 मग माझा नवरा म्हणाला, "दादा, पाणी पी आणि पुन्हा बघ. आधी मलाही कळलं नव्हतं."

"पाण्याने काही होणार नाही. मीठ कळतं. मिरची जास्त असली तर जीभ पोळते, ते कळतं. बाकी काही नाही. थंडीत तो ताप आला होता ना, त्यानंतर आधी कमी झालं आणि मग गेलंच." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "गुडघ्यांना काही झालेलं नाही."

 हा माणूस चव गेली म्हणून माझ्या जेवणाला नाव ठेवत नव्हता, आणि मी बायकांत मिरवत होते.

"मग मिसळणी?" नवऱ्याने विचारलं. "इतके महिने? एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

भाऊजींनी शिंकूकडे बोट केलं. "ही. पॅकिंगवरून उठून यायची, म्हणायची, काका, हे पोतं पुन्हा एकदा बघता का? मी मूठ नाकाशी धरायचो आणि हिच्या तोंडाकडे बघायचो. बडीशेप म्हटलं की हिचा चेहरा तसाच राहायचा. लवंग म्हटलं की हिच्या कपाळावरची आठी जायची. मग मी म्हणायचो, लवंग वाढवा."

शिंकूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मला वाटायचं, तुम्ही मला शिकवताय."

"मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं." ते हसले, पण ते हसणं टिकलं नाही. "हिला टेबल दिलं तर परीक्षा घ्यावी लागेल, म्हणून आधी कोटवाला शोधला. आज नाक नसताना मी परीक्षा घ्यायला बसलो. काय सांगणार होतो? पास म्हणून टाकलं. वाटलं, हिला टेबल मिळेल आणि माझी झाकली मूठ तशीच राहील. आणि हिने नको म्हटलं. मिळालेलं टेबल परत केलं, एका चिमूट धन्यांसाठी. तेव्हा मला कळलं, आता मला लपवून चालायचं नाही."

मी आयुष्यभर या माणसाशी भांडले. त्याच्या नाकाला घाबरले, त्याच्या मागे त्याची नक्कल केली. पण त्या घटकेला मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मी कधी कबूल केला नसता. ज्याच्या नाकावर गिरणी उभी राहिली तो भरल्या ताटावर बसून, धाकट्या भावासमोर आणि भावजयीसमोर, ते नाक गेलं म्हणून सांगत होता. आणि सांगायला लावलं होतं माझ्या मुलीने, एक शब्दही उर्मटपणे न बोलता.

"पांढऱ्या कोटाला मी उद्या कळवतो," भाऊजी म्हणाले. "टेबल हिचं. मी म्हणतो म्हणून नाही, ते आधीपासूनच हिचं आहे. माझं फक्त बूड तिथे होतं."

शिंकू पुढे आली. मला वाटलं, रडेल, पाया पडेल. ती भाऊजींच्या शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि आधीच्या माशाची बशी उचलून लांब ठेवली.

"हा खा, काका. गार होतोय."

"मला काय उपयोग? हा तुम्ही खा. एवढा चांगला झालाय तर वाया कशाला घालवता."

"खा. मी सांगते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग एक पापुद्रा सोडवून तोंडात ठेवला.

"आधी मीठ," शिंकू म्हणाली. "ते कळलं असेल. आता गोड आहे. साखरेसारखं नाही, कोवळ्या मटाराचा दाणा कच्चा खाल्ला की असतं तसं. चावा. आता मागून लोण्यासारखं काहीतरी येतंय, पण लोण्यापेक्षा हलकं. आणि अगदी शेवटी एक वास आहे, धुतलेल्या पाटीचा असतो ना, गार, दगडाचा. तो गिळल्यावरही राहतो."

भाऊजी डोळे मिटून चावत होते. घशाखाली घास गेला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पाटीचा," ते म्हणाले. "शाळेतल्या?"

"हो. ओल्या फडक्याने पुसल्यावर."

"हं."

"आता साल घ्या. ती कुरकुरीत आहे."

"ते कळतं मला. कान शाबूत आहेत माझे."

माझा नवरा हसला आणि डोळे पुसायला लागला. मी त्याला पाणी दिलं. शिंकू बोलत होती, साल कुठे करपल्यासारखी लागते आणि कुठे भाजलेल्या दाण्यासारखी, काट्याजवळचं मांस जास्त गोड का आहे. एवढं सलग बोलताना मी माझ्या मुलीला आजवर ऐकलं नव्हतं. ती सांगत गेली आणि भाऊजी ती सांगेल तिथला घास घेत गेले, सावकाश, एकही शब्द न चुकवता.

बशी रिकामी झाली तेव्हा ती थांबली. भाऊजींनी डोळे न उघडताच बशी तिच्यापुढे सरकवली.

"अजून वाढ," ते म्हणाले. "आणि बोलत राहा."